कारण: पालकांच्या विनंतीवरून

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य,
शताब्दी समिती व माजी विद्यार्थी मंडळ,
आपली शाळा, जुने नाशिक.

विषय: खालच्या खोलीतील जुनी रजिस्टरे रद्दीत न देण्याबाबत.
संदर्भ: मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरील संदेश, "रविवारी दप्तरखोली रिकामी करायची आहे, टेम्पो सांगितला आहे."

सप्रेम नमस्कार,

विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय मला पत्र सुरूच करता येत नाही. त्याबद्दल हसलात तरी चालेल. मी याच शाळेत पाचवी ते दहावी शिकलो, १९७९ ला बाहेर पडलो, १९८७ ला लिपिक म्हणून परत आलो आणि ३१ मे २०२१ ला निवृत्त झालो. समितीतल्या निम्म्या मंडळींचे दाखले माझ्या हातचे आहेत. शाळेचं नाव इथे मुद्दाम घालत नाही. ज्यांना पत्र आहे त्यांना ते माहीत आहे, आणि बाकीच्यांना आपल्या शाळेची दप्तरखोली आठवली तर उत्तमच.

टेम्पो सांगितलाय म्हणून घाईने लिहितो आहे. त्या खोलीत तुटके बाक आहेत, गॅदरिंगचे पडदे आहेत, दोन बंद पडलेले संगणक आहेत, विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी आहे. ते सगळं खुशाल न्या. डाव्या हाताच्या गोदरेजच्या कपाटाला मात्र हात लावू नका. त्यात जनरल रजिस्टरचे चौदा खंड आहेत. शाळेत आजवर पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलामुलीची एक ओळ त्यात आहे. एकच ओळ, दोन पानांवर पसरलेली: अनुक्रमांक, नाव, धर्म-जात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वागणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. आईच्या नावाला जुन्या खंडांत रकानाच नाही.

स्मरणिकेचा कच्चा मसुदा ग्रुपवर आला तो वाचला. पहिल्याच पानावर "या परिसरात घडलेली नररत्ने" म्हणून सावरकर, अनंत कान्हेरे आणि कुसुमाग्रज. हे तिघेही नाशिकचे भूषण, पण आपल्या शाळेचे नव्हेत. सावरकर भगूरहून येऊन नाशिक हायस्कुलात शिकले आणि १९०१ साली मॅट्रिक झाले, तेव्हा आपल्या शाळेची वीटसुद्धा पडलेली नव्हती. कुसुमाग्रज न्यू इंग्लिश स्कूलचे, म्हणजे आजच्या रुंगटा हायस्कूलचे. कान्हेरे तर औरंगाबादला शिकत होता. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात नाटक पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर त्याने गोळ्या झाडल्या, तेव्हा तो अठराही पूर्ण नव्हता. आपला विजयानंदशी संबंध एवढाच, की आमच्या वेळची पोरं दुपारची दांडी मारून तिथे सिनेमे पाहायची. मधल्या सुट्टीनंतर हजेरी घेणाऱ्या गुरुजींना ते पुरतं ठाऊक असायचं. त्या दिवशी ते मुद्दाम इतिहासाचा तास घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे, "काय रे, जॅक्सन मेला तिथेच बसला होतास ना?" हे पहिल्या पानावर छापा. हे आपलं आहे.

दुसऱ्यांची माणसं उसनी आणायची वेळ येते, कारण आपण आपली माणसं कधी मोजलीच नाहीत. ती त्या चौदा खंडांत आहेत.

पहिल्या खंडात काही पालकांच्या सह्या मोडीत आहेत, काहींचे अंगठे. शाई टाकाची, अक्षर असं की आजच्या छपाईने मान खाली घालावी. माझ्या आधीचे, त्यांच्याही आधीचे जे कोणी लेखनिक होते, त्यांना कारणाच्या रकान्यात खरं लिहायची सवय होती. "वडील वारले, दुकानावर बसतो." "फी थकली." "मामाकडे येवल्यास गेला." "डोळे अधू." एके ठिकाणी नुसतंच "पळाला". ऑगस्ट १९४२ नंतरच्या पानावर एकाच आठवड्यात चार नावं कमी झाली आहेत आणि चौघांच्याही पुढे "गैरहजर, कारण समजले नाही" असं आहे. कारण समजलं नाही, यावर माझा विश्वास नाही. त्या लेखनिकाला सगळं समजलं होतं आणि म्हणूनच त्याने तसं लिहिलं.

जातीचा रकाना प्रत्येक पानावर आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मंदिराच्या बंद दारासमोर बसली, आणि ते दार सत्याग्रह संपेपर्यंत उघडलं नाही. त्या वर्षांत आपल्या शाळेत दाखल झालेली काही मुलं गंगेपलीकडे, म्हणजे गोदावरीपलीकडे, त्या दाराजवळच राहणारी होती, पत्त्यावरून कळतं. रजिस्टरात त्यांची जात आहे. वर्गात ती कुठे बसायची, माठातलं पाणी त्यांना कोण वाढायचं, ते नाही. त्यासाठी माणसांना विचारायला हवं होतं. ती माणसं होती तोवर आम्ही कोणी विचारलं नाही, मीही नाही.

जन्मतारखांचं सांगतो, म्हणजे जरा हलकं होईल. आपल्या शाळेतली निम्मी पोरं १ जूनला जन्मलेली आहेत. घरी कोणाला तारीख ठाऊक नसे. आई सांगायची "पंचमीच्या दुसऱ्या दिवशी" नाहीतर "गंगेला मोठा पूर आला त्या साली", आणि गुरुजी मुलाची उंची पाहून वय धरायचे, शाळा जूनला सुरू होते म्हणून १ जून टाकायचे. माझीही तीच. आईच्या म्हणण्याप्रमाणे मी पोळ्याच्या आसपासचा. सरकारी नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे गुरुजींच्या त्या एका फटकाऱ्यापायी माझा तीन महिन्यांचा पगार गेला. तक्रार नाही. जन्मतारीख दुरुस्तीचे किती अर्ज मी स्वतः परत पाठवले, त्याचा हिशेब कुठेतरी व्हायचाच होता.

आता, हे कागद रद्दी का नाहीत, ते व्यवहाराच्या भाषेत.

जातवैधता प्रमाणपत्र काढायला गेलात की समिती जुना पुरावा मागते. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. गावाकडे सातबाऱ्यावर जात नसते, जन्माची नोंद झालेली नसते. उरतो शाळेचा दाखला. दहाएक वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातून एक बाप आला होता. मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळत होता आणि हातात चार दिवस होते. आजोबा लहानपणी नाशिकला बोर्डिंगात राहून "बहुतेक तुमच्याच शाळेत" शिकले, एवढंच त्याला माहीत. साल माहीत नाही, आडनाव त्या काळी वेगळं लावायचे. दोन दिवस आम्ही दोघं जमिनीवर बसून पानं उलटत होतो. सापडली ओळ. आजोबा सातवीत शाळा सोडून गेले होते, म्हणजे तुमच्या हिशेबात ते माजी विद्यार्थीही नव्हेत. पण त्या अर्धवट शाळेच्या एका ओळीवर नात पुढे गेली.

मग २०२३ आलं. न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदी शोधायला राज्यभरातल्या शाळांची कपाटं उघडली गेली. मला घरून बोलावलं, कारण कुठला खंड कुठे आहे हे नव्या लिपिकाला सांगायला कोणी शिल्लक नव्हतं. त्या दोन महिन्यांत ज्यांनी कधी त्या खोलीचं दार पाहिलं नव्हतं, तेही मोबाईलने पानांचे फोटो काढत होते. मोडी वाचणारा मिळेना. काम झालं, खंड पुन्हा कपाटात गेले आणि त्यातल्या तिघांच्या पाठी उसवल्या त्या उसवल्याच. गरज पडली की दप्तर, एरवी रद्दी, हे मी नोकरीभर पाहिलं.

सप्टेंबर २००८ चा पूर तुम्हाला आठवत असेल. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे नाशिकचा माणूस आधी विचारतो. मी शाळेच्या पायऱ्या मोजत होतो. पाणी तळमजल्यात शिरलं आणि कपाटाचा खालचा कप्पा बुडाला. तिसरा, चौथा आणि नववा खंड. पाणी ओसरल्यावर चित्रकलेच्या वर्गात सगळे पंखे लावून, पानापानात वर्तमानपत्रं घालून आम्ही ते वाळवले. शिपाईमामा, मी आणि आठवीच्या काही मुली. एक गोष्ट तेव्हा कळली: टाकाने लिहिलेली जुनी ब्लू-ब्लॅक शाई जशीच्या तशी राहिली. सत्तरच्या दशकातली फाउंटन पेनची रॉयल ब्लू मात्र वाहून गेली. नवव्या खंडाची वीस-बावीस पानं नुसती आभाळासारखी निळी झाली आहेत. त्या पानांवरची मुलं आता कुठेच नाहीत.

त्या मुलींपैकी एकीने वाळवता वाळवता विचारलं होतं, "सर, सगळ्यांच्या पुढे 'पालकांच्या विनंतीवरून' असंच का लिहिलंय?"

ते माझं अक्षर होतं.

केव्हातरी ही पद्धत पडली. खरं कारण लिहिलं की पुढे कोणीतरी विचारतं, तपासणीला अधिकारी आले की शेरा मारतात, त्यापेक्षा हे वाक्य बरं. त्याच्यावर कोणी काही बोलू शकत नाही. मुलगी नववीत असताना लग्न ठरलं: पालकांच्या विनंतीवरून. मुलगा रविवार कारंजाला हॉटेलात लागला: पालकांच्या विनंतीवरून. बापाचं सातपूरचं काम सुटलं आणि कुटुंब रातोरात गावी गेलं: तेच. एका मुलाला वर्गात रोज एका नावाने चिडवत, शेवटी तो येईनासा झाला. त्याच्याही पुढे मी तेच लिहिलं, आणि त्याच्या आईने विनंती केली होती ती मुलाला शाळेतून काढायची नव्हती, चिडवणं थांबवायची होती.

आता जे सांगतो ते ग्रुपवर सांगितलं नसतं.

माझी मोठी बहीण याच शाळेत होती. आमचं घर तांबट आळीत. दिवसभर ठोक्यांचा आवाज, त्यामुळे आम्ही सगळे आजही मोठ्याने बोलतो. स्टीलची भांडी घरोघर आली तसा तांब्या-पितळेचा धंदा बसत चालला होता, त्यात ७२ चा दुष्काळ पडला. लग्नसराई झाली नाही, घागरी-हंडे कोण घेणार? ती आठवीत होती, हिंदीची परीक्षा पहिल्या श्रेणीत पास झालेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत गेलीच नाही. घरी बसून चिंच लावून भांडी उजळायची, धाकट्यांना सांभाळायची. धाकटे म्हणजे मी. पुढच्याच जूनला मी पाचवीत आलो तो तिच्या दप्तरात माझी पुस्तकं घालून. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. कायद्याने मुलीचं वय तेव्हा पंधरा होतं, अठरा झालं १९७८ ला. सगळं रीतसर.

नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात मी तिची ओळ शोधली. कारणाच्या रकान्यात तेच दोन शब्द होते. शेऱ्याच्या रकान्यात मात्र आमच्या जुन्या लेखनिकांनी पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "हुशार. परत येईल तर घ्यावी." ती पेन्सिल होती म्हणून पुराच्या पाण्यातही राहिली. शाईची ओळ पुसट आणि पेन्सिलीची स्वच्छ.

तिला मी हे सांगितलं ते कधी, तर मागच्या महिन्यात. तुमचा शताब्दी मेळाव्याचा फॉर्म आला, म्हणून. तिला यायचं होतं. हौसेने नातीकडून मोबाईलवर फॉर्म भरायला घेतला आणि "दहावीची बॅच (वर्ष)" या रकान्याशी गाडी अडली. तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. नातीने विचारलं, "आजी, कुठलं साल टाकू?" ती म्हणाली, राहू दे. मग माझा फोन आला तेव्हा मला म्हणाली, "अरे, मी कुठल्याच बॅचची नाही."

फॉर्म करणाऱ्याचा दोष नाही. माजी विद्यार्थी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पास झालेला माणूस येतो. नोटांच्या प्रेसमध्ये लागलेला, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात गेलेला, अमेरिकेतून कमानीसाठी देणगी पाठवणारा. पण शाळा नुसती त्यांची नव्हती. गंगेवर पोहून ओल्या केसांनी प्रार्थनेला उभी राहणारी, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारून दुसऱ्या दिवशी रंगलेल्या कानांनी वर्गात बसणारी, शाळेबाहेरच्या गाडीवर पेरू तिखटमीठ लावून उधारीत खाणारी, पांडवलेण्याच्या सहलीचे पैसे नसले की "ताप आला" म्हणून घरी थांबणारी, एलिमेंटरीच्या परीक्षेला शेजाऱ्याचा ब्रश नेणारी, त्यांतली कित्येक दहावीपर्यंत पोहोचली नाहीत. रहाडीत उडी मारायला मात्र ती सगळ्यात पुढे असत.

तर माझ्या मागण्या. मागण्या म्हणतो, कारण विनंती या शब्दाची मला आता धास्ती वाटते.

तो फॉर्म बदला. "दहावीची बॅच" ऐवजी "शाळेत कोणत्या साली होतात" एवढं विचारा. दहा मिनिटांचं काम आहे, समितीत दोन संगणकवाले आहेत.

स्मरणिकेत डॉक्टर, वकील, नगरसेवकांची यादी छापा, माझी हरकत नाही, पण चार पानं कारणाच्या रकान्याला द्या. नावं नकोत. जात, जन्मतारीख तर अजिबात नको. साल, इयत्ता आणि कारण, एवढंच, जसं लिहिलंय तसं. आपल्या शाळेची शंभर वर्षं त्या चार पानांत दिसतील. दुष्काळ दिसेल, पूर दिसेल, बंद पडलेले कारखाने दिसतील, आणि माझ्यासारख्यांची टाळाटाळही दिसेल.

खंड स्कॅन करून घ्या, मात्र नेटवर चढवू नका. एक प्रत शाळेत, एक संस्थेत पुरे. मूळ खंडांना लॅमिनेशन करू नका, कोणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाला तरी. प्लास्टिकमध्ये कागद घुसमटतो आणि मग सोडवता येत नाही. उसवलेल्या पाठी बाइंडरकडून दोऱ्याने शिवून घ्याव्या लागतील. त्यावर जाड सुती कापडाचे रुमाल, पेशवाई दप्तराला बांधायचे तसे. वर्षातून एकदा उन्हात नाही, सावलीत वारा द्यायचा. या गावात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, चौदा वह्या सांभाळणं आपल्याला जड जाऊ नये. कमानीचा खर्च ग्रुपवर वाचला. त्यातून एक गोलाकार अक्षर कमी केलंत तरी हे सगळं भागेल.

आणि कपाट तळमजल्यावर नको. एक तर पूर. दुसरं म्हणजे सिंहस्थ आला. २००३ ला आणि २०१५ ला बंदोबस्ताच्या पोलिसांसाठी शाळा दिली होती, त्यात गैर काही नाही, बिचारे लांबलांबून आलेले असतात. पण दोन्ही वेळा कपाट जिन्याखाली सरकवलं गेलं आणि त्याच्यावर ओले टॉवेल वाळत होते. २०२७ च्या आत ते वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत हलवा. तिथे ओल नाही, मी पाहून आलो आहे.

सरल ही विद्यार्थ्यांच्या नोंदींची सरकारी प्रणाली आणि आधार आल्यापासून सगळं ऑनलाइन आहे, मग हे कशाला, असं एका सदस्याने लिहिलं. ऑनलाइनमध्ये कारणाचा रकाना निवडायचा असतो, तयार यादीतून. पेन्सिलीने कडेला लिहायला तिथे जागा नाही.

रविवारी टेम्पो येण्याआधी सकाळी आठला मी शाळेत असेन. बहीणही येते म्हणाली, तिला ती ओळ पाहायची आहे. कपाटाची एक किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या उजव्या खणात आहे, ती कुलपात अर्धवट फिरते, थोडी उचलून धरावी लागते. वरच्या दोन कप्प्यांत वाळवीची पावडर टाकलेली आहे, तोंडाला रुमाल बांधा. आणि मी पोहोचायच्या आत कोणी कपाट उघडलंच, तर तिसरा खंड पाठीला धरून ओढू नका. खालून दोन्ही हात लावून उचला.

आपला,
जनरल रजिस्टर खंड नववा, निळ्या पानांच्या पुढचं सतरावं पान, वरून पाचवी ओळ
(सेवानिवृत्त लिपिक)